तळवे चोळणाऱ्या बाई

उंदराला हात लावण्याआधी बाई दोन्ही तळवे चोळून घ्यायच्या. "गार हात लागला की जीव दचकतो, मामा." पुढं त्याच हातांनी त्याला मारायच्याही. तुम्ही बघितलं असतं तर तुम्हालाही कळलं नसतं, ही बाई मायाळू की कसाई.

संप बुडाला, गिरणी गेली, आणि परळच्या एका प्रयोगशाळेत मला पिंजरे धुवायचं काम लागलं. बाई तिथं मोठ्या डॉक्टर. म्हातारपणी माणूस सगळं विसरतं, त्यावर औषध शोधत होत्या. उंदरांना आधी तो रोग द्यायचा, मग निम्म्यांना औषध. टाकीतल्या पाण्यात दुधाची पावडर कालवायची, आत उंदराला टेकायला एक पाट बुडवलेला. दिसत नाही, आठवावा लागतो. ज्याला आठवत नाही तो कडेकडेनं पोहत राहतो. बाई त्याला ओढायच्या नाहीत. मागून हात लावून पाटावर न्यायच्या, बसू द्यायच्या. "बघून घे बाबा, नीट बघून घे."

तेव्हाच माझी बायको लालबागच्या आमच्या चाळीत तशी फिरायला लागली. या दारावरून त्या दारावर. "माका घराक जावचा," म्हणायची. ओढलं की बोंबलायची.

औषधाच्या उंदरांना पाट सापडायला लागला तसा मी बाईंना अडवलं. "थोडं द्या तिच्यासाठी."

"नाही देता येत, मामा."

"उंदराला देता. माझी बायको उंदराहून खाली काय?"

"उंदराला आत काय झालं ते मी कापून बघते. तिचं कसं बघू?"

असं तोंडावर बोलायच्या. मी बोलणंच टाकलं.

एका सकाळी पिंजरे उघडले तर औषधाचे उंदीर आडवे. पाट सापडलेले तेच. बाईंनी कापून बघितले, लिव्हर सडलेलं. मी पिंजरे धुवायला घेतले.

संध्याकाळी बाई पहिल्यांदा आमच्या चाळीत आल्या. बायको गॅलरीत फिरत होती. बाईंनी तळवे चोळले, मागून पाठीला हात लावला, आमच्या खोलीत आणून खाटेवर बसवलं.

"बघून घ्या आई. तुमचं घर."

तिनं सगळीकडं बघितलं. "बरा आसा. कोणाचा?"

बाईंनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या औषधाला लागल्या होत्या. ते व्हायच्या आधी त्याच गेल्या, छातीच्या दुखण्यानं. मी बायकोला परत कधी ओढलं नाही. मागून हात लावून आणायचो, आधी तळवे चोळून.

ती गेली तेव्हा चाळीतल्या बायका अंघोळ घालत होत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही पण पाणी घाला." मी सवयीनं तळवे चोळले.

गार तीच होती.