खर्डा रस्त्यावरचा मैलाचा दगड

आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिचं नाव कडू ठेवलं. यमाला कडू लागावी, एवढाच हेतू. ती जगली, पण तिच्या पोटचं पहिलं लेकरू काही त्याच्या तावडीतून सुटलं नाही.

खर्ड्याकडची ही कडूबाई. दिवाळी झाली की नवरा, नाव त्याचं श्रीमंत, बैलगाडी जुंपायचा आणि दोघं ऊसतोडीला निघायची. एका वर्षी फडावरून परतताना भर रस्त्यात तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. बायकांनी लुगड्याचा आडोसा धरला. मुलगी झाली, आणि दिवस मावळायच्या आत गेली. तान्ह्या लेकराला पुरतात. उजाड माळावर खुणेला काय होतं? मैलाचा एक दगड. त्याच्या पायथ्याशी श्रीमंतानं खड्डा घेतला आणि गाड्या पुढं निघाल्या.

कडूबाईला दगडावरचा आकडा वाचता येत नव्हता. गाडीचा कणा लागून वरचा कोपरा उडालेला, एवढ्यावर ती तो ओळखायची. जाता-येता उतरायची, भाकरीचा तुकडा ठेवायची, दोन घोट पाणी ओतायची. श्रीमंत तेवढा वेळ बैलांशी उगाच बोलत राहायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ऊस वाळला, माळावरच्या बाभळीसुद्धा लोकांनी सरपणाला तोडून नेल्या. श्रीमंत बैल घेऊन छावणीवर गेला आणि कडूबाई त्याच रस्त्याच्या दुष्काळी कामावर लागली. माणसं पाण्यावाचून तडफडत होती आणि सरकारला नेमकं तेव्हाच आठवलं की मैल जुने झाले, आता किलोमीटर पाहिजेत! रस्ता रुंद करायचा, जुने दगड उपटायचे आणि फोडून खडीत टाकायचे, असा हुकूम आला.

मुकादम गहिनीनाथ तसा भला माणूस. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, त्यो कोपरा उडाल्याला धोंडा हाय न्हवं, त्येला हात लावू नका."

"का गं बाई?"

खरं सांगावं, तर हे उकरून बघतील, पोलीस बोलावतील, या धास्तीनं तिला ग्रासलं होतं. "माझा हाय त्यो," एवढंच ती म्हणाली.

गहिनीनाथानं तिला भाकरी ठेवताना पाहिलं होतं. बाईचा देव असणार, असं त्यानं धरलं. "जीव गेला तरी फोडू देनार न्हाई," तो म्हणाला, आणि तिला इतकं हायसं वाटलं की ती तिथंच रडली.

बाजारच्या दिवशी ती पीठमीठ आणायला खर्ड्याला गेली. साहेब येणार म्हणून काम मात्र चालूच होतं. संध्याकाळी परतली तर तिच्या पालापुढं दगड उभा! धुतलेला, शेंदूर फासलेला, पुढं नारळ फोडलेला. गहिनीनाथ हसत उभा होता. साहेबाच्या शिव्या खाऊन त्यानं तो वाचवला होता.

"बघ, टवकासुदीक उडू दिला न्हाई."

कडूबाई दगडाकडं बघेना. "कुठनं काढला?"

"रस्त्यावरनं की."

"जागा दाव, दादा. जागा!"

दोघं रस्त्यावर आली. दिवसभर मुरूम पडला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारं सारखं, तांबडं, सपाट. गहिनीनाथ चार पावलं इकडं गेला, चार तिकडं. "गड्यांनी काढला. इथंच कुठंतरी आसल. पर जागा कशाला पाहिजे?"

मग तिनं सांगितलं. गहिनीनाथानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला. "आदी का न्हाई बोललीस, बाई?"

राग कुणावर काढावा, हे तिला कळेना. तो बिचारा तर दगडासाठी साहेबाशी भांडला होता.

सकाळी मुरूम ठोकायचं काम निघालं. "मला धुम्मस देऊ नका," ती म्हणाली. "वरनं ठोकायचं माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

गहिनीनाथानं मान खाली घालून तिच्या हाती पाटी दिली. घरी बसली तर उपाशी मरायची पाळी. कडूबाई पाटी भरून आणायची, वाकायची आणि मुरूम ओतायची. दिवसभर ती तो आपल्या हातानं ओतत राहिली, कुणावर पडतोय हे न कळता.