एका बोटाने सरकणारा दरवाजा

आमच्या बिल्डिंगमध्ये हल्ली दोन बायका लिफ्टमध्ये भेटल्या की जेवण झालं का असं विचारत नाहीत. "सरकला का?" असं विचारतात. म्हणजे बाल्कनीचा दरवाजा. लालबागची आमची चाळ पाडून बिल्डरने आम्हाला टॉवर बांधून दिला, आणि घराघरात काचेचा, अॅल्युमिनियमचा सरकता दरवाजा बसवला. त्यातला एक धड सरकत असेल तर शपथ! दरवाजा सरकतो त्या खालच्या पट्टीत कचरा साठतो तसे या दरवाज्यांचे किस्से साठलेत. लोक हसत हसत सांगतात. माझं मात्र डोकं फिरतं. तरी सांगते, कारण गप्प बसले तर जास्त फिरतं.

* * *

वर्षभरात खालची चाकं झिजली. मी तडक बिल्डरच्या ऑफिसात गेले. मागेच त्याचा विकायचा टॉवर आहे, तिथल्या सॅम्पल फ्लॅटचा दरवाजा मी मुद्दाम ढकलून बघितला. काय तो जाडजूड, काय तो गुळगुळीत! आम्हाला दिलेला त्याच्यापुढे पत्र्याचा डबा.

मग बिल्डरचा एक माणूस आला. त्याने आमच्या दरवाज्याचे फोटो काढले, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मॅडम, पट्टीला मेणबत्ती घासा." घासली. मजल्यावरच्या सगळ्यांनी घासली. दरवाजे होते तिथेच राहिले, आणि आठवड्याने लाइट गेली तेव्हा अख्ख्या मजल्यावर एक मेणबत्ती सापडेना.

* * *

शेजारची पेडणेकरीण मूळची वेंगुर्ल्याची. तिच्याकडे टाचांच्या भेगांना लावायचं कोकमाचं तेल असतं, भिरंडेल. ते गार झालं की साबणाच्या वडीसारखं घट्ट होतं. हे तिला जन्मापासून माहीत. तरी बाईने ते पातळ करून वाटीभर पट्टीत ओतलं. संध्याकाळभर दरवाजा नुसता पळत होता. मजल्यावरच्या प्रत्येकीला हात धरून नेऊन तिने तो दाखवला.

सकाळी बघते तर दरवाजा अर्धा उघडा राहून तिथेच थिजलेला. तेव्हापासून पेडणेकरीण आपल्याच बाल्कनीत अंग चोरून, तिरकी होऊन जाते. मी तिला झापलं, तुला एवढं कळलं नाही का म्हणून. तर मलाच म्हणाली, "करकर थांबली की नाय?"

* * *

खालच्या मजल्यावरच्या राणे मंडळींनी गणपतीसाठी घर रंगवून घेतलं. रंगाऱ्याने भिंतीबरोबर हॉलच्या सरकत्या खिडकीची पट्टी, चाकं, सगळं पांढरंफेक करून टाकलं. रंग वाळला आणि खिडकी कायमची मिटली. मखर नेमकं त्याच खिडकीपुढे. धूप, कापूर, वीस माणसं आणि हवा जायला फट नाही! राण्यांना आरत्या लांबवायची भारी हौस. त्या वर्षी दुसऱ्या आरतीलाच सगळे डोळे पुसत जिन्यात. नवीन जावईबापूंना वाटलं, काय भक्तिभाव आहे या बिल्डिंगचा.

* * *

आता म्हणाल, स्वतःच्या पैशाने नवा दरवाजा का नाही बसवला? सेक्रेटरीला विचारा! बिल्डिंगचा बाहेरचा लुक बदलता कामा नये म्हणे. बिल्डरकडून येईल तसाच हवा. हे तो मला त्याच्या हॉलमध्ये बसून ऐकवत होता. मी विचारलं, तुमची बाल्कनी कुठे गेली? ती त्याने कधीच आत घेतली होती. आम्ही दोघं बसलो होतो तो सोफा बाल्कनीतच होता.

* * *

इथवर ठीक. पुढच्याला मला अजून संताप येतो.

माझ्या सासूला, आईंना, दमा आहे. चाळीत त्या दिवसभर दाराबाहेर गॅलरीत स्टूल टाकून बसायच्या. इथे त्यांचा जीव काय तो बाल्कनीत. तेवढीच मोकळी हवा. त्या दिवशी मी हिंदमाताला कामावर होते, साड्यांच्या दुकानात. आई भरदुपारी बाल्कनीत गेल्या. कबुतरं आत शिरतात म्हणून दरवाजा मागे ओढून घेतला. तो अडकला तो अडकलाच. वर ऊन, आत दम्याचा पंप आणि मोबाइल.

पेडणेकरणीने हाका ऐकल्या. पण ती घरात येणार कशी? चाळीत दिवसभर दारं सताड उघडी असायची. इथे लॅचची दारं, आपोआप लागणारी. मग तिने कपडे वाळत घालायच्या काठीला पाण्याची बाटली बांधली आणि आपल्या बाल्कनीतून आईंपर्यंत पोचवली. मला फोन केला. मी गिऱ्हाइकापुढे उलगडलेली साडी तशीच टाकून निघाले. आले तेव्हा आई भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ काळेनिळे. दरवाजा मी वरवंट्याने ठोकून उघडला.

त्या दिवसापासून आईंनी बाल्कनीत पाऊल टाकलं नाही. स्वयंपाकघरात फोडणीच्या वासात बसून खोकायच्या. मी म्हटलं, मी आहे ना सोबत, चला. तर म्हणाल्या, "नको गो, माका भय वाटता." गिरणीच्या संपात चार पोरं घेऊन उभी राहिलेली ही बाई. तिला एका दरवाज्याने घाबरवलं.

* * *

मग मी बिल्डरच्या ऑफिसात जाऊन असा आवाज चढवला की सॅम्पल फ्लॅट बघायला आलेलं एक कुटुंब निघूनच गेलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा मोठा इंजिनियर घरी आला. बुटांसकट आत. आई त्याच्या पायांकडे बघत राहिल्या.

त्याने दरवाज्यावर टिचकी मारली आणि निकाल दिला. दरवाज्यात काही दोष नाही, तो बदलून मिळणार नाही. "आजी, चाळीतली सवय तुमची. ढकलाढकली करता. हे स्लायडिंग आहे, एका बोटाने सरकतं."

माझं रक्त उसळलं. तोंड उघडणार, तेवढ्यात आईंनी माझा हात दाबला आणि त्याला म्हणाल्या, दाखव बाबा, आमका काय समाजता.

तो ऐटीत बाल्कनीत गेला. तिथून दोन्ही हातांनी दरवाजा खेचून लावला. मग काचेपलीकडून आम्हाला एक बोट दाखवलं आणि ते कडेला लावलं.

दरवाजा हलला नाही. मग दोन बोटं. मग पंजा. मग खांदा. घामाने शर्ट पाठीला चिकटला.

स्वयंपाकघराची खिडकी बाल्कनीतच उघडते. आईंनी चहा टाकला, गाळला आणि गजातून कप त्याच्या हातात दिला. मग स्टूल ओढून खिडकीपाशी बसल्या आणि लसूण सोलायला घेतली. मी वरवंटा आणायला निघाले, तर डोळ्यांनीच बस म्हणाल्या.

उन्हं सरकत बाल्कनीत आली. पेडणेकरीण आपल्या अर्ध्या दरवाज्यातून तिरकी बाहेर येऊन बघत उभी राहिली. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा आईंकडे, आणि फोन काढला. "दरवाजा पाठवा. नाही, रिपेअर नको. नवीन. मागच्या टॉवरमधला. हो, आजच."

आईंनी लसणीची पाकळी वाटीत टाकली.

"पेडणेकरणीचो पण सांग."