रुखमा सांगे

नेरच्या सुजाता महिला गायन मंडळात बाया अकरा आणि गळा एकच, असं रुखमाबाईचं स्वतःचं मत होतं. मत खोटं नव्हतं, हीच पंचाईत. दिवसभर अंगणवाडीत खिचडी रांधणारी ही बाई माइकपुढे उभी राहिली की पेटीवाला भीमराजही मान वर करून बघायचा. बाकीच्या दहाजणी कोरसला. तिनं ओळ म्हणायची आणि दहाजणींनी ती तशीच उचलायची, चुकली तर चुकलेलीच. मध्येच कोणी सुधारायला गेलं की गाणं मोडतं, म्हणून हा मंडळाचा पहिला नेम.

गाणी रचायची हंसाबाई. तिचा आवाज फाटका, म्हणून ती मागच्या रांगेत. कापूस वेचता वेचता ओळी जुळवायची आणि लिहिता येत नसल्यामुळे संध्याकाळी रुखमाबाईला म्हणून दाखवायची. रुखमाबाई वहीत उतरवून घ्यायची. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत आहे, हंसाबाईच्या वाट्याला तेवढंच यायचं. कापसाचा भाव पडला त्या साली तिनं रचलं:

बोंड फुटलं, भाव तुटला, तरी धीर सोडू नका
हंसा सांगे बायांनो गं, लेकीची शाळा मोडू नका

दोन हजार सहाची चौदा एप्रिलची जयंती. राजूरला खाणीच्या वस्तीत मोठा मंच होता. निवेदकानं पुकारलं, "नेरच्या गायिका आणि कवयित्री, रुखमाबाई!"

कवयित्री! रुखमाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. 'मी नव्हे, ती मागची' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण तिनं पदर सावरला आणि गाणं सुरू केलं. शेवटचं कडवं जवळ आलं तशी ती घाबरली. आता हंसाचं नाव घेतलं तर लोक विचारतील, ही कोण? स्वतःचं नाव चालीत बरोब्बर बसत होतं. ती गायली, "रुखमा सांगे बायांनो गं..."

मागे क्षणभर नुसती ढोलकी वाजली. मग कोरसनं ओळ उचलली, "रुखमा सांगे", आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्यानं उचलली ती फाटक्या आवाजानं. रुखमाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाळ्या पडत होत्या आणि तिला मान वर करवेना.

परतीच्या जीपमध्ये ती हंसाबाईला लागूनच बसली. "बाई, मायं चुकलं," कसंबसं म्हणाली.

"म्या नसती उचलली तं गाणंच पडलं असतं व," हंसाबाई बाहेर बघत म्हणाली. "मंडळाची इज्जत गेली असती."

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

हिवाळ्यात फुलसावंगीला कार्यक्रम ठरला. आज हिचं नाव हिला परत करायचं, असं रुखमाबाईनं मनाशी पक्कं केलं आणि शेवटचं कडवं खणखणीत आवाजात म्हटलं, "हंसा सांगे बायांनो गं..."

पण राजूरच्या कार्यक्रमाची कॅसेट तोवर गावोगाव पोचली होती. पुढे बसलेल्या बायांना गाणं तोंडपाठ. त्या हसायला लागल्या. एकजण ओरडली, "बाई, भुलल्या तुमी! 'रुखमा सांगे' हाय थे. सोताचंच नाव भुलल्या!"

सगळा मंडप हसला. रुखमाबाईनं मागे वळून पाहिलं. हंसाबाई तिच्याकडेच बघत होती, डोळे मोठे करून. काहीतरी मिळणार असल्यासारखी ती बघत होती. माइक हातातच होता.

"हो व माय," रुखमाबाई माइकवर म्हणाली, "भुललीच मी."

मंडपानं ओळ धरली, "रुखमा सांगे". हंसाबाईनंही धरली.

राजूरला मोह झाला, असं म्हणता येतं. फुलसावंगीला मोहही नव्हता, लोक हसतील एवढीच भीती होती. ही लाज रुखमाबाईनं अजून कोणाला सांगितलेली नाही, आणि गाणं तिच्याच नावानं चालतं.