आईचा आवाज आणि साडेपाचशे वॅट

माझ्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय साडेपाचशे वॅटचा होता. अण्णा, माझे वडील, त्या वीज पुरवणाऱ्या पेटीला नुसतं 'डबा' म्हणायचे. डबा जुना, आधीच्या कॉम्प्युटरमधून काढून बसवलेला. ग्राफिक्स कार्ड मात्र नवं कोरं. मी कोल्हापुरात बिल्डरांसाठी अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करते, त्या कार्डावर माझं पोट आहे. पण हे जे सांगतेय त्याचा इमारतींशी काही संबंध नाही. आईच्या आवाजाशी आहे.

आईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, बोलणं जाईल. परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "मग तुमास्नी शिव्या कोण देणार?" मी हसले, आणि घरी येऊन नळ सोडून रडले.

ऑपरेशनला दहा दिवस होते. माणसाचा आवाज काही तास रेकॉर्ड केला, की कॉम्प्युटर तो शिकतो. मग फोनवर टाइप केलेलं त्या माणसाच्या आवाजात ऐकू येतं. फोनमध्ये तयार मराठी आवाज असतोच, पण ती बाई बातम्या दिल्यासारखी बोलते. आईचं माहेर नेसरीचं, खेड्यातलं. तिच्या तोंडात जन्मात कधी 'आहे' आलं नव्हतं, 'हाय'च यायचं. मला ते 'हाय' हवं होतं. आईची अट एकच होती. "नेटवर घालायचा न्हाई. माझा आवाज परक्याच्या घरात कशाला?" म्हणजे सगळं माझ्याच मशीनवर करायचं.

पहिले दोन दिवस माइक बघून ती सत्काराला उत्तर दिल्यासारखी बोलली. तिसऱ्या दिवशी गॅसवर दूध उतू गेलं आणि ती माइक विसरून ओरडली, "अगं दूध गेलं! बसलीस काय बघत?" तिथून खरी आई सुरू झाली. कुठं मरायला गेलतीस. ताटावर बोलवाय लागतंय व्हय तुमास्नी. अण्णांना उद्देशून तर तासभर निघाला, आणि अण्णा शेजारच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून सगळं ऐकत बसले होते.

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी मी मशीनला आवाज शिकायला लावला, तर आठ दिवस दाखवायला लागलं. आई सहाव्या दिवशी घरी येणार होती. उंबरा ओलांडताना तिनं काहीतरी बोललंच पाहिजे, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. आणि माझ्या डोक्यात एकदा बसलं की देव आला तरी उठवू शकत नाही. शिकायचं काम कार्डच करतं, म्हणून मी ते ओव्हरक्लॉक करायचं ठरवलं. म्हणजे कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा त्याला जास्त पळवायचं. जास्त पळणार, तर वीजही जास्त खाणार. वेबसाइटवर हिशेब घातला, चारशे ऐंशी आले. डबा साडेपाचशेचा. बसतंय की, म्हटलं.

अण्णा दवाखान्यातून आंघोळीला घरी आले होते. त्यांचा जन्म साखर कारखान्यात वायरमन म्हणून गेला. टॉवेल खांद्यावर टाकून ते माझ्यामागे उभे राहिले.

"किती वढतंय हे?"

"चारशे ऐंशी."

"ते चालताना. पर झटका मारताना किती? मोटर सुरू हुताना बघायची असती पोरी. आणि ह्यो डबा म्हातारा झालाय. थांब, करंट मोजायचा टाँग टेस्टर आणतो, बघूया तरी."

"अण्णा, ही उसाची मोटर न्हाई. तुम्हाला यातलं काय कळतंय?"

हे मी बोलले. माझ्याच तोंडानं, इतक्या ठसक्यात. अण्णांनी आंघोळ उरकली. डबा घेऊन परत दवाखान्यात गेले, जेवणाचा.

ते शंभर टक्के बरोबर होते. असलं कार्ड सरासरी कितीही ओढो, मधेच क्षणभर त्याच्या कितीतरी वर उसळी मारतं, आणि जुना पॉवर सप्लाय तिथंच मान टाकतो. हे मला नंतर कळलं. नंतर मी सगळं वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फट् असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. जेवण न्यायला आलेले अण्णा स्वयंपाकघरातून धावत आले आणि आधी मेन स्विच पाडला. मरता मरता डब्यानं भलताच व्होल्टेज पुढं सोडला होता. कार्ड गेलं, त्याचं मला काही नाही. रेकॉर्डिंगच्या मी शहाण्यासारख्या दोन प्रती ठेवल्या होत्या, दोन वेगळ्या डिस्कवर. दोन्ही डिस्क त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच डब्याला जोडलेल्या. जळक्या डिस्कमधलं परत काढून देणाऱ्या एकाकडं पुण्याला पाठवल्या. त्या माणसानं फोनवर सांगितलं, मॅडम, आतल्या मेमरी चिपाच जळल्यात. आई कधी व्हॉइस मेसेज पाठवायची नाही, तिला फोनच करायला आवडायचा. नात्यातल्या एका लग्नाच्या व्हिडिओत ती बोलताना दिसते, पण आवाज बँडचा आहे.

आई घरी आली. गळ्याला भोक, त्यावर मऊ कापड. मी तिच्या पायाशी बसून सांगितलं. तिनं लिहायला आणलेल्या पाटीवर लिहिलं, "मशीन हाय. जाऊंदे." मला तिनं ती पाटी डोक्यात घातली असती तर बरं वाटलं असतं. अण्णांवर तर मी एकदा ओरडलेच, "म्हणा की एकदा, सांगितलंतं म्हणून!" ते म्हणाले, "म्हणून काय हुणार हाय?"

शेवटी तिच्या फोनमध्ये तोच तयार आवाज चालू करून दिला. आई टाइप करायची, बाई बोलायची; फोन शब्द सुचवायचा तेही पुस्तकी, आई तेच दाबायची. "चहा झाला आहे." "औषध घेतले का?" आठ-दहा दिवस चाललं. एका संध्याकाळी अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. फोन म्हणाला, "जेवायला वाढू का?" अण्णा चटकन सावरून बसले, बंडीची बटणं लावली आणि म्हणाले, "हो, वाढा."

चाळीस वर्षांच्या संसारात अण्णांनी तिला अहोजाहो केलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनाही ते लगेच कळलं. ते वर बघेनात. आई हातात फोन धरून तशीच उभी राहिली, मग माझ्याकडं आली. फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि पाटीवर दोनच शब्द लिहिले.

"हिला काढ."

मी काढलं. आता आमच्या घरात बाईमाणसाचा आवाज तेवढा माझाच आहे.