आप्पांचं शिधावाटप

गेल्या नोव्हेंबरात अमेरिकेतलं, पिस्कॅटवेमधलं आमचं घर शेंगदाण्यांमुळे पेटता पेटता राहिलं.

दोष माझ्या वडिलांचा होता, असं मी पहिले काही दिवस सगळ्यांना सांगत होतो. (खरा दोषी पुढे येईलच. आठवण माझी आहे, तेव्हा तुम्ही ओळखलं असेलच!)

माझे वडील, म्हणजे आप्पा, फौजेतून निवृत्त झालेले. गाव साताऱ्याकडचं, भुईमुगाचं. एकाहत्तरच्या लढाईत त्यांची आठ जणांची तुकडी चार दिवस एका ठाण्यावर अडकली. रसद तुटलेली. आजीनं गावाहून पाठवलेली शेंगदाण्यांची पिशवी तेवढी जवळ होती. आप्पा तुकडीचे म्होरके. ते रोज सात जणांना मूठ मूठ दाणे वाटायचे, त्यांनी खाल्लेलं डोळ्यांनी बघायचे आणि उरलं तर आपण खायचे. तिसऱ्या दिवशी शिवा नावाचा जवान पाणी आणायला गेला, तो परत आलाच नाही. त्याची मूठ आप्पांच्या खिशात राहिली. पुढे जन्मभर तो खिसा त्यांनी रिकामा ठेवला नाही.

त्यांची भाषाही शेंगदाण्यांचीच. कामाचा माणूस 'भरीव', कुरकुरणारा 'खवट', आणि दिसायला बरा पण आत काही नाही, तो 'फोल शेंग'. विसाव्या वर्षी मी सपाट तळपायांमुळे भरतीच्या मेडिकलमध्ये नापास होऊन घरी आलो, त्याच दिवशी मला 'फोल शेंग' ही पदवी मिळाली. नंतर अमेरिकेत येऊन मास्टर्स केलं, पण आप्पांच्या लेखी पहिली पदवीच कायम!

आई गेल्यावर आप्पांना इकडे आणलं. मग त्यांना विसर पडायला लागला. आधी वार विसरले, मग आई गेल्याचं विसरले, मग मला. लढाई तेवढी शिल्लक राहिली, आणि एका खिशाचं कोठार झालं. माझ्या बुटांत दाणे, माझ्या बायकोच्या, म्हणजे सुजाताच्या, शिवणाच्या डब्यात दाणे, आणि जमिनीतल्या हीटिंगच्या जाळ्या उचलून त्यांच्या खालीसुद्धा दाणे! थंडी पडली तसं मी जाळ्यांखाली न बघताच हीटिंग सुरू केलं. घरभर खमंग वास सुटला.

"कूट करतेयस का गं?" मी खालून विचारलं.

"मी वर लाँड्री करतेय!" सुजाता ओरडली, आणि धुराचा अलार्म कोकलायला लागला.

पाच मिनिटांत दारात बंब. हेल्मेट घातलेली चार धिप्पाड माणसं आत घुसली. आप्पांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. "आली रं कुमक!" म्हणत प्रत्येकाच्या हातावर मूठ मूठ दाणे ठेवले. एकानं खाल्ले, बिचारा. बाकीच्या तिघांनी मला सेफ्टीवर लेक्चर दिलं.

दुसऱ्या दिवशी मी व्हॅक्यूम घेऊन मोहिमेवर निघालो. सगळी कोठारं साफ केली. आप्पांचा खिसासुद्धा उलटा करून झटकला.

त्याच दिवसापासून त्यांनी अन्न सोडलं.

आमच्याकडे मोठ्यांना वाढल्याशिवाय कोणी घासाला हात लावत नाही. आप्पांनी खावं म्हणून आम्ही ही रीत आणखी कडक पाळली. त्यांचं ताट आधी, आणि आम्ही शेजारी उभे, बुफेतल्या वाढप्यांसारखे!

"पोरांचं झालं?" ते विचारायचे.

"झालं, आप्पा. तुम्ही जेवा."

"मी न्हाई बघितलं," म्हणायचे आणि ताट सरकवायचे.

वरणभात झाला, पिठलं झालं, खीर झाली. तीन दिवस चहाच्या चार घोटांपलीकडे पोटात काही गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत खाल्लं नाही तर ॲडमिट करून नळीनं भरवावं लागेल." आप्पा नळी उपटणार, मग त्यांचे हात बांधणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी गॅरेजमध्ये जाऊन रडलो. (घरात रडलो असतो तर पुन्हा फोल शेंग!)

गुरुवारी दुपारी आमची मुलगी रिया कॉलेजमधून घरी आली. पुन्हा तेच ताट, तोच प्रश्न, तेच उत्तर.

"डॅड, ही इज टेलिंग यू!" रिया वैतागली. "जस्ट ईट इन फ्रंट ऑफ हिम, यार!"

"त्यांच्याआधी? असं कसं खायचं?"

"सीरियसली, डॅड?"

वडील तीन दिवस उपाशी होते, आणि मी रीत सांभाळत होतो.

सुजातानं दाण्यांचं नवं पाकीट फोडून आप्पांच्या मांडीवर ठेवलं. "फॉलिन!" असा आप्पांचा हुकूम सुटला आणि आम्ही तिघं फ्रिजसमोर रांगेत! रियाला एक मूठ, सुजाताला एक, मला एक. आप्पा बघत होते, आम्ही चावत होतो. पण जवान सात, आणि आम्ही तीन. मग मीच फ्रिजला वळसा घालून पुन्हा रांगेत उभा राहिलो. चौथी मूठ, पाचवी मूठ, सहावी मूठ. जबडा दुखायला लागला. शेवटच्या मुठीत एक दाणा खवट निघाला. थुंकायला सिंककडे वळलो, तर मागून आवाज, "कुठं निघाला जवान?" गिळला!

सातवी मूठ त्यांनी स्वतःच्या खिशात घातली. मग ताट पुढे ओढलं आणि वरणभाताचा घास घेतला. मग दुसरा घेतला. सुजाता, पदर नसतानाही, पदर लावल्यासारखा तोंडावर हात नेऊन रडली. मी रांगेतून हललो नाही.

खाता खाता त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"नवीन हाईस?"

"हो, साहेब."

"नाव?"

"दत्ता."

"माझ्या पोराचं पण नाव दत्ताच." त्यांनी भात कालवला. "मेडिकलला नापास झाला. दिवसभराचा उपाशी घरी आला, आन मी त्याला जेव पण म्हटलं न्हाई." त्यांनी आणखी एक घास घेतला. "तू झालास न्हवं पास?"

"झालो, साहेब," मी म्हणालो, आणि पोट आत घेतलं.