आंधळं फेरेट आणि माझा मोजा

आखातातल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या बिल्डिंगचे एसी दुरुस्त करायला एक कोकणी माणूस यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या शर्टाच्या आत एक फेरेट असायचं, मुंगसासारखं लांबट आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळं. फेरेटची आधीची मालकीण मायदेशी जाताना ते याच्या गळ्यात घालून गेली होती.

एका सकाळी मी बूट-मोजे काढून स्विमिंग पूलमध्ये उतरणार, तोच ते शेजारून जाणाऱ्या त्याच्या शर्टातून निसटलं आणि खुर्च्यांखाली नाहीसं झालं. मी शोधायला धावलो. तो मात्र जागेवरच उभा राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवत होता. चेहरा उतरला होता, पण पाय हलत नव्हते.

"अहो, शोधा की," मी म्हणालो.

"त्याला दिसत नाही, साहेब. मी पण जागा सोडली, तर त्याने मला शोधायचं कुठे?"

थोड्या वेळाने फेरेट आवाजाच्या रोखाने भिंतीला घासत आलं. तोंडात माझा मोजा होता. एसीवाल्याने तो सोडवून, झटकून, अदबीने माझ्या हातात दिला.

"दिसत नाही ना बिचाऱ्याला," तो गंभीरपणे म्हणाला, "नाहीतर जोडी आणली असती."