चेटकिणीची चाल

मोरिवलीत चांगुणाला लांबूनच ओळखता यायचं. कंपनी सुटली की बायकांचा घोळका रस्त्याने यायचा आणि त्याच्या मागे, थोडं अंतर राखून, ती. उजवा पाय टेकला की अंग त्या बाजूला कलंडायचं, उजवा हात गुडघ्यावर दाबला जायचा, मग डावा पाय पुढे पडायचा. लहानपणी मुरबाडकडच्या माहेरी ती झाडावरून पडली होती. गावच्या हाडवैद्याने हाड बसवलं ते वाकडं बसलं आणि पाय आखूड राहिला. मोरिवलीत तिला कुणी चिडवत नसे. ज्याच्या-त्याच्या डोळ्यांना सवय झाली होती.

सवय झाली नव्हती ती तिच्या मुलीला, शलाकाला. शाळेत असताना पालकांची मीटिंग असली की शलाका घरी सांगायची, मीटिंग रद्द झाली. बाजारात आईबरोबर जावं लागलं तर ती काहीतरी निमित्त काढून दहा पावलं पुढे चालायची. आपण हे मुद्दाम करतो हे तिला कळायचं, आणि कळूनही ती करायची.

बारावीनंतर शलाकाने गेम डिझाइनच्या पदवीला जायचं म्हटलं तेव्हा घरात कुणालाच ते पटलं नाही. उल्हासनगरच्या एका खासगी कॉलेजात तो तीन वर्षांचा कोर्स होता. "खेळ खेळायला कॉलेज कशाला लागतं?" असं तिचे वडील आनंदा म्हणाले. काकांनी विचारलं, "इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही का?" थोरला भाऊ सुयोग बदलापूरला मोबाइलच्या दुकानात कामाला होता. त्यालाही वाटलं, यापेक्षा बी.कॉम. बरं. एकटी चांगुणा म्हणाली, "लहानपणी ही कॅलेंडरच्या मागच्या बाजूला माणसं काढायची. पळणारी, उड्या मारणारी. तुम्ही कुणी बघितली नाय. मी बघितली हायेत. जाऊ द्या तिला."

आणि शलाका गेली.

गेम खेळण्याचा आणि त्या अभ्यासाचा फारसा संबंध नाही हे पहिल्याच वर्षी कळलं. गणित होतं, प्रोग्रॅमिंग होतं, गोष्ट कशी रचायची ते होतं, आणि आपण केलेला खेळ दुसऱ्याला देऊन तो कुठे कंटाळतो हे गप्प बसून बघणं होतं. शलाकाला सगळ्यात जमायचं ते पडद्यावरच्या माणसांना हालचाल देणं. तिने केलेला म्हातारा उठताना खुर्चीचा हात धरायचा, बाळ धावताना अडखळायचं.

तिसऱ्या वर्षाचा मोठा प्रोजेक्ट तिने आणि मिलिंदने मिळून घेतला. मिलिंद बुवापाड्याचा, प्रोग्रॅमिंगमध्ये हुशार. गेमची कल्पना दोघांची होती. बंद पडलेल्या एका कंपनीच्या आवारात मुलांचा चेंडू जातो. तो आणायला मुलं कुंपणावरून आत उतरतात, आणि आत एक चेटकीण राहते.

चेटकिणीचं चित्र छान झालं, पण ती चालायला लागली की तिची भीती वाटेना. त्यांच्या संजीवनी मॅडम पडद्याकडे बघून म्हणाल्या, "ही भाजी आणायला निघालेली बाई वाटते. नेटवरच्या चाली उचलू नका. बाहेर पडा, खरी माणसं कशी चालतात ते बघा."

शलाकाला बाहेर पडावं लागलं नाही. कुणाला बघायचं हे तिला मॅडमचं वाक्य संपायच्या आतच सुचलं होतं.

त्या आठवड्यात कंपनी सुटायच्या वेळेला ती घराच्या वरच्या गॅलरीत उभी राहिली आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडून मोबाइलवर आईचं चालणं टिपलं. एक दिवस नीट आलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत टिपलं. मग कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तो व्हिडिओ हळूहळू पुढे सरकवत तिने एकेक ठेवण काढली. कंबर किती कलते, हात गुडघ्यावर कधी येतो, मान कुठल्या क्षणी वर होते. काम करताना तिला ती आई वाटत नव्हती. ती एक अवघड चाल होती आणि ती हुबेहूब जमत चालली होती.

मिलिंदने पाहिलं आणि ती चाल परत लावायला सांगितली. मग म्हणाला, "बाप रे. ये तो डेंजर है. कुठून आणलीस?"

"यूट्यूबवरून," शलाका म्हणाली.

मॅडमनी ती चाल सगळ्या वर्गाला दाखवली. बाकीची मुलं येता-जाता शलाकाला "चेटकीण" म्हणू लागली, कौतुकाने. तिला ते आवडलं.

नाताळच्या सुट्टीआधी कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. घरच्यांना बोलवा, असं मॅडमनी सांगितलं होतं. शलाकाने घरी सांगितलं, परीक्षा आहे, उशीर होईल. पण सुयोगला कॉलेजच्या इन्स्टाग्रामवर निमंत्रण दिसलं. बहिणीला चकित करावं म्हणून त्याने सुट्टी टाकली, आईला सुट्टी टाकायला लावली, आणि दोघं रिक्षाने उल्हासनगरला आली.

हॉल भरलेला होता. जवळपासच्या शाळांतली मुलं आली होती आणि चेटकिणीच्या गेमपुढे सगळ्यात मोठी रांग होती. भिंतीवर मोठा पडदा लावला होता. एक सात-आठ वर्षांचा मुलगा खेळत होता, शलाका त्याच्या शेजारी उभी होती. चेटकिणीने त्याला पकडलं. हरला म्हणून रडेल असं वाटलं, पण तो उठला, उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि कलंडत चालायला लागला. त्याच्या मागे त्याचे मित्र एका ओळीत, तसेच हात ठेवून, तसेच कलंडत. सगळा हॉल हसला. मॅडम हसल्या. शलाकाही हसली, आणि हसता हसता तिचं लक्ष दाराकडे गेलं.

दारात चांगुणा उभी होती. लिंबू रंगाची काठाची साडी, हातात डबा. ती पडद्याकडे बघत होती, मग तिने त्या मुलांकडे बघितलं, मग परत पडद्याकडे. सुयोग तिला आत चल म्हणत होता. तिने मान हलवली आणि तिथेच उभी राहिली, दोन्ही पाय जुळवून, अजिबात न हलता.

ती का हलत नाही हे शलाकाला कळलं. दारापासून पडद्यापर्यंत सगळा हॉल ओलांडावा लागला असता. तिने एक पाऊल टाकलं असतं तरी तिथल्या प्रत्येकाला कळलं असतं.

शलाकाने दाराकडे जायला हवं होतं. हात धरून आईला बाहेर न्यायला हवं होतं, किंवा आत. ती पडद्याकडे वळली आणि रांगेतल्या पुढच्या मुलीला कुठलं बटण दाबायचं ते समजावू लागली. आपला आवाज नेहमीपेक्षा मोठा लागतोय, हेही तिला ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने सुयोग एकटाच आत आला. डबा टेबलावर ठेवला. "आईने दिलाय. ती बाहेर रिक्षात बसलीय."

"आत का नाही आली?"

सुयोग दाराकडे वळला. "तुला माहीत नाही?" एवढंच म्हणून तो गेला.

त्या दिवशी पहिलं बक्षीस त्यांच्या गेमला मिळालं. स्टेजवर मिलिंदने तिचा हात वर उचलला. फोटोत शलाका खाली बघते आहे.

ती घरी पोचली तेव्हा चांगुणा मेथी निवडत बसली होती.

"आई."

"हातपाय धू. भात झालाय."

"आई, ते मी तुझं..."

"कळलं मला." चांगुणाने जुडी सोडवली. "गॅलरीतनं मोबाइल धरायचीस ते बघितलं होतं मी. पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, कॉलेजात आईचं चित्र काढायला सांगितलं असंल. म्हणून दुसऱ्या दिवशी ती पिवळी साडी नेसून गेले कामाला. बायका विचारत होत्या, आज काय हाय."

शलाकाला व्हिडिओतली ती साडी आठवली. काठामुळे कमरेची कलती रेघ स्पष्ट दिसते म्हणून तिला तेव्हा बरं वाटलं होतं. रोजच्या कामाला आई ठेवणीतली साडी का नेसली, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता.

"माझं चालणं हाय ते," चांगुणा म्हणाली. "विचारायचं व्हतंस." आणि मेथीचं ताट उचलून ती उठणार होती, पण उठली नाही. शलाका खोलीतून बाहेर जाईपर्यंत ती बसूनच राहिली. पुढे कितीतरी दिवस तसंच चाललं. शलाका घरात असली की चांगुणा एका जागी बसून असायची, पाणी हवं असलं तरी सुयोगला हाक मारायची.

सुट्टीनंतर शलाकाने मॅडमना सांगितलं, ती चाल काढून टाकायची आहे. कारणही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "निरीक्षण करणं हा गुन्हा नाही, शलाका. सगळेच करतात."

"मी चोरून केलं, मॅडम. आणि चेटकीण केली तिची."

मिलिंदला सांगणं जास्त जड गेलं. "यार, हा माझा पण प्रोजेक्ट आहे ना. त्या चालीवर तर सगळं उभं आहे," तो म्हणाला. आणि मग, "तू मला यूट्यूब बोलली होतीस." शेवटी तो तयार झाला, पण त्यानंतर कामापुरतंच बोलायचा. शलाकाने चेटकीण हवेत तरंगती केली. तिचे पाय दिसतच नव्हते. खेळ चालला, पण कुणी घाबरेना. अंतिम परीक्षेत त्यांना बेताचेच गुण पडले.

गेममधून चाल गेली, पण मोबाइलमधून गेली नाही. प्रदर्शनात कुणीतरी त्या मुलांच्या रांगेचा आणि मागच्या पडद्याचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला होता. तो फिरत फिरत जानेवारीत मोरिवलीत आला.

शेजारच्या तुळशीच्या घरी हळदीकुंकू होतं. आई आधीच जाऊन बसली होती, शलाका मागाहून गेली. बायका तिळगूळ घेत होत्या आणि तुळशीने सहज विचारावं तसं विचारलं, "काकी, ते पोरं मोबाइलवर बघतायत ते तुमचंच चालणं ना?"

सगळ्या चांगुणाकडे बघू लागल्या.

"माझंच," चांगुणा म्हणाली. "आमच्या शलाकाने केलंय. मला विचारून केलंय."

"मग बरंय बाई. मला वाटलं, कुणीतरी टिंगल केली."

बायका पुन्हा बोलायला लागल्या. तेवढ्यावर ते मिटलं असतं. पण आईने आपल्यासाठी खोटं बोलावं आणि आपण ते गुळासारखं खाऊन टाकावं, हे शलाकाला झेपलं नाही. "विचारलं नव्हतं मी," ती म्हणाली. "लपून व्हिडिओ काढला होता."

चांगुणाने तिच्याकडे बघितलं. "तुला कुणी विचारलं होतं का आत्ता?" वाण पदराखाली घेऊन ती उठली आणि सगळ्या बायकांसमोरून, हात गुडघ्यावर दाबत, कुणाकडे न बघता घरी गेली. शलाका मागे बसून राहिली. खरं बोलूनही आपण आईला पुन्हा सगळ्यांसमोर चालायला लावलं, हे तिला तेव्हा उमगलं.

ती घरी आली तेव्हा चांगुणा पायरीवर बसली होती. "दाखव ते," म्हणाली. "गेम नको. माझं खरं."

शलाकाने व्हिडिओ पुसला नव्हता. का पुसला नाही, हे तिला सांगता आलं नसतं. चांगुणाने मोबाइल लांब धरून पाहिला. मग म्हणाली, "परत लाव." परत पाहिला.

"एवढं हाय?" तिने विचारलं.

"काय?"

"मला वाटायचं, थोडंच हाय. नव्या माणसाच्या ध्यानात पण येत नसंल. तुझे बाबा म्हणायचे, काय दिसत नाय. मी आपलं खरं मानलं." तिने मोबाइल परत दिला. "आरशात चालताना कुठं दिसतं माणसाला."

शलाकाने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. चांगुणाने हाताने तिला थांबवलं आणि दोघी काळोख होईपर्यंत तिथेच बसल्या.

महिनाभराने चांगुणाने आपणहून सुयोगला सांगून उल्हासनगरच्या एका हाडांच्या डॉक्टरची वेळ घेतली. जायच्या दिवशी तिने शलाकाला म्हटलं, "तू चल." डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, तिला खोलीत इकडून तिकडे चालायला सांगितलं. शलाका भिंतीकडे बघत राहिली.

"हे लहानपणापासूनचं आहे," डॉक्टर म्हणाले. "इतकी वर्षं कुठे होतात?"

"आत्ताच कळलं मला," चांगुणा म्हणाली.

या वयात ऑपरेशनचा फायदा नाही, जाड तळाची चप्पल करून घ्या, असं त्यांनी सांगितलं. ती चप्पल करून आणली. चांगुणा ती घालून काही दिवस कामाला गेली. कलंडणं थोडं कमी झालं, पण कंबर धरू लागली, म्हणून तिने ती काढून माळ्यावर टाकली.

शलाका आता ठाण्याला एका छोट्या कंपनीत आहे, मुलांच्या शिकण्याचे गेम करते. झाडं, घरं, रस्ते ती करते. माणसांना चालवायचं काम आलं की ते शेजारच्या टेबलावरच्या मुलाकडे सरकवते. तिच्या साहेबांना वाटतं, तिला ते जमत नाही.